संशयी आणि भरकटलेल्या तारुण्यानंतर ख्रिस्तावरचा विश्वास: अनुभव आणि काही प्रश्न

खाडीकाठ (धागालेखक)

या संस्थळावर देव आणि धर्म या विषयांवर ज्या चर्चा होत, त्यांत मी अनेक वर्षे नास्तिकांच्या बाजूने लिहीत आलो. मी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेऊन ख्रिस्ती झालो हे समजल्यावर काही जुन्या सदस्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून कारण विचारले. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे बालपण ठाण्यात, वागळे इस्टेटजवळच्या चाळीत गेले. वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. त्या वसाहतीतले कारखाने एकामागून एक बंद पडत गेले, तसा त्यांचाही बंद पडला. आई वारकरी घरातली, वडील नवसासायासांवर विश्वास ठेवणारे. मी अकरावीत असताना आगरकरांचे निबंध वाचले आणि त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांना जाऊ लागलो. पेटता कापूर जिभेवर ठेवण्याचा प्रयोग मी अनेक शाळांमध्ये करून दाखवला आहे आणि त्या कामाबद्दल मला आजही आदर आहे. त्या वयात मी जे प्रश्न विचारले, त्यांतला एकही प्रश्न चुकीचा होता असे मला आज वाटत नाही.

डिप्लोमा झाल्यावर रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी लागली. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येण्यापूर्वी पिणे सुरू झाले, मग पाळीवर जाण्यापूर्वी, आणि शेवटी पाळीवर जाणेच थांबले. वडिलांना कारखान्याकडून मिळालेल्या हिशेबाच्या पैशांतला मोठा भाग मी संपवला. घरात माझ्याशी कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण मी हात उगारीत असे. याहून अधिक तपशील देण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना तो ठाऊक असतो.

एक प्रसंग मात्र सांगावाच लागेल, कारण पुढचे सगळे त्याच्याशी जोडलेले आहे. दारू सोडवतो अशी ख्याती असलेल्या भिवंडीकडच्या एका बाबाकडे वडील मला घेऊन गेले. तिथे रांगेत बसलेल्या शंभरेक माणसांसमोर मी त्या बाबाची फसवेगिरी उघड केली, अंगारा म्हणजे काय आणि अंगात येणे म्हणजे काय यावर भाषण दिले आणि शेवटी वडिलांना, कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने इथे यावे याची लाज वाटली पाहिजे, असे सुनावले. त्या भाषणातले प्रत्येक वाक्य तर्काला धरून होते. वडील काही बोलले नाहीत. पुढच्याच पावसाळ्यात ते हृदयविकाराने गेले आणि त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी मी शुद्धीवर नव्हतो.

त्यानंतर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जाण्याचा सल्ला दिला. ही संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, पिणे थांबवू न शकणाऱ्या दोन माणसांच्या भेटीतून सुरू झाली. ती कोणत्याही धर्माशी किंवा पंथाशी बांधलेली नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण माझ्या पुढच्या कथनामुळे तसा गैरसमज होऊ शकेल. माझ्या गटात वारकरी होते, मुसलमान होते, बौद्ध होते आणि पूर्ण नास्तिकही होते. सभा ठाण्यातल्या एका चर्चच्या शाळेत भरत असे, तीही केवळ जागा मिळाली म्हणून. संघटनेच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांतल्या दुसऱ्या पायरीत आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो आणि तिथे मी अडलो. माझे मार्गदर्शक हे ठाण्यातले एक निवृत्त ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या मराठी कॅथॉलिक समाजातले, गृहस्थ होते. त्यांनी वाद घातला नाही. तुला ज्याचा अर्थ लागेल तेवढेच घे आणि आजच्या दिवसापुरते पिऊ नकोस, एवढेच ते म्हणत. ते स्वतः कशाच्या आधारावर उभे आहेत, असे मीच बऱ्याच काळानंतर विचारले. तेव्हा त्यांनी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांतले एक, हाती दिले आणि सांगितले, की सोळा अध्याय आहेत, पंचनामा वाचतात तसे वाच, भक्तीने वाचू नकोस.

मी तसेच वाचले. पहिल्या वाचनात मला जे खटकले तेच पुढे महत्त्वाचे ठरले. नवा पंथ उभारणारी माणसे आपल्या गुरूची कथा रचत असतील, तर त्यांनी ती अधिक सफाईने रचायला हवी होती. या पुस्तकात येशूचे नातेवाईकच त्याला वेड लागले आहे असे समजून धरून न्यायला येतात. स्वतःच्या गावात तो फारसे काही करू शकत नाही. पट्टशिष्य पेत्र एका दासीसमोर त्याला ओळखत नसल्याचे शपथेवर सांगतो. अटकेच्या रात्री सगळे शिष्य पळून जातात. क्रुसावर तो देवालाच विचारतो, की तू माझा त्याग का केलास. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर हे पुस्तक रिकाम्या थडग्यापासून भीतीने पळालेल्या स्त्रियांपाशी संपते. बुवांची चरित्रे मी पुष्कळ वाचली होती, कारण त्यांची चिरफाड करणे हा माझा छंद होता. त्यांतल्या एकाही चरित्रात बुवाला आणि त्याच्या शिष्यांना असे उघडे पडू दिलेले नव्हते.

यामुळे माझा विश्वास बसला नाही. कुतूहल मात्र जागे झाले.

नवव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला घेऊन येतो. मुलाला लहानपणापासून झटके येतात, तो विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. शिष्यांकडे नेऊनही उपयोग झालेला नाही. बाप येशूला म्हणतो, की तुम्हांला काही करता येत असेल तर करा. विश्वास असेल तर सर्व शक्य आहे, असे येशू म्हणतो तेव्हा हा माणूस ओरडून उत्तर देतो, की माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासातही मला मदत करा. येशू त्याला परत पाठवीत नाही, आधी पुरता विश्वास घेऊन ये असेही म्हणत नाही. तो मुलाला बरे करतो.

हा उतारा मी पुन्हा कामावर जाऊ लागल्यावर रात्रपाळीत, यंत्र थांबलेले असताना वाचला, आणि माझ्यासमोर भिवंडीकडची ती रांग उभी राहिली. वडिलांचा त्या बाबावर विश्वास होता असे मी धरून चाललो होतो. तो कदाचित अजिबात नसेल. ते डॉक्टरांकडे जाऊन आले होते, युनियनच्या माणसांकडे जाऊन आले होते, माझ्या मित्रांच्या हातापाया पडले होते, आणि आता उरलेल्या शेवटच्या दारात उभे होते. मला त्या रांगेत फसवणूक दिसली, बाप दिसला नाही. माझी शंका खरी होती, पण ती मी नेहमी दुसऱ्यांवर रोखली आणि स्वतःकडे एकदाही वळवली नाही. शुभवर्तमानातल्या त्या माणसाला जसा कुणी भेटला तसा माझ्या वडिलांना कुणी भेटला नाही, उलट स्वतःच्या मुलानेच त्यांना अपमानित केले, याचे दुःख त्या रात्रीपासून मला खऱ्या अर्थाने होऊ लागले. त्या दुःखासकट मला कुणीतरी ओळखतो आहे आणि तरीही दूर लोटत नाही, असा अनुभव हळूहळू येत गेला. प्रार्थना मी सुरू केली ती त्या बापाच्या वाक्याने, कारण दुसरे कोणतेही वाक्य प्रामाणिकपणे म्हणता येत नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. मी धर्मगुरूंकडे गेलो तेव्हा त्यांनी घाई केली नाही, उलट थांबायला सांगितले. कॅथॉलिक ख्रिस्तसभेत प्रौढांसाठी जो दीक्षापूर्व काळ असतो, त्याचा प्राचीन विधी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ साली पुन्हा प्रचारात आणला गेला. त्यात जिज्ञासा, शिक्षण, प्रायश्चित्तकाळातली आत्मपरीक्षा असे टप्पे आहेत आणि शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात स्नानसंस्कार होतो. मला वर्षाहून अधिक काळ लागला. या काळात कुणीही मला पैसा, नोकरी किंवा चमत्कार देऊ केला नाही. आईला मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

मन अजूनही प्रश्न विचारते आणि ते मी थांबवलेले नाही. सदस्यांनी मोकळेपणाने विचारावे.

प्रश्नचिन्ह

खाडीकाठ, आपण संस्थळावर एकाच बाजूने भांडलो आहोत, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमची दारू सुटली याचा मनापासून आनंद आहे. पण तुमच्या कथनातून जे सिद्ध होते ते एवढेच, की एकटा पडलेला माणूस नियमित भेटणाऱ्या, न्यायनिवाडा न करणाऱ्या गटात गेला तर सावरतो. त्यासाठी ख्रिस्ताची गरज नाही आणि तुम्हीच म्हणता, की त्या गटात नास्तिकही होते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. व्यसनातून बाहेर पडणारा माणूस अत्यंत हळवा असतो. अशा अवस्थेत जो कुणी मायेने बोलेल त्याचे विचार तो स्वीकारतो. आज ठाणे आणि नवी मुंबईत अनेक सभागृहांमध्ये चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभा भरतात, तिथे आजारी माणसांना औषधे सोडायला सांगितले जाते अशा तक्रारी आपण दोघांनी ऐकल्या आहेत. डॉ. दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले आणि जो त्यांच्या खुनानंतर २०१३ साली झाला, तो सर्व धर्मांतल्या बुवाबाजीला सारखाच लागू आहे. तुम्ही भिवंडीच्या बाबासमोर उभे राहिलात तसे या सभांसमोर उभे राहाल का?

आणि तिसरे म्हणजे, हाच आधार तुम्हांला तुकोबांकडे मिळाला नसता का? किंवा बुद्धाकडे? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्म स्वीकारला तो वर्षानुवर्षांच्या चिकित्सेनंतर, आणि तिथे कोणत्याही चमत्कारावर विश्वास ठेवावा लागत नाही.

वसईची लेक

मी जन्माने कॅथॉलिक, माहेर वसईचे, लग्नानंतर वाशीला आले. आमच्याकडे विश्वास हा घरातल्या भाताबरोबर मिळतो, त्यामुळे तो शोधावा लागलेल्या माणसाचे वाचताना मला खूप काही मिळाले. धागालेखकांचे प्रश्न आमच्या मुलांनाही पडतात, पण आम्ही त्यांना रविवारच्या मिस्सेला ये एवढेच सांगतो. त्यांना उत्तर द्यायला आम्ही शिकलेलो नाही, आणि ही आमच्या समाजातली मोठी उणीव आहे असे मला वाटते.

ठाण्याच्या सदस्यांना माहीत असेलच, तरी नमूद करते. पोर्तुगीज येण्याच्या पुष्कळ आधी, १३२१ साली, तोलेंतीनोचे थॉमस यांच्यासह चार फ्रान्सिस्कन संन्याशांना ठाण्यात ठार मारण्यात आले. त्यांच्याबरोबर भारतात आलेल्या जॉर्डानस या डॉमिनिकन संन्याशाने ते वृत्त पत्रांद्वारे युरोपला कळवले आणि पुढे ओडोरिक हा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन गेला. म्हणजे या खाडीकाठी ख्रिस्ताचे नाव सातशे वर्षांपासून ऐकू येते आहे. ख्रिस्ती होणे म्हणजे परके होणे, असे कुणी म्हटले की मला हे आठवते.

ऐरोलीची आई

मी या विषयावर कधी लिहीत नाही, पण हा धागा वाचून झोप लागली नाही. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. कॉलेजात असताना तो वाईट संगतीला लागला होता, गर्दुल्ल्यांबरोबर रुळांजवळ बसलेला आम्ही त्याला पाहिला आहे. आता तो सुधारला आहे, कामावर जातो, माझ्याशी नीट बोलतो, आणि गेल्या महिन्यात त्याने सांगितले, की मला ख्रिस्ती व्हायचे आहे.

मला आनंद मानावा की रडावे, हेच कळत नाही. त्याचे वडील बोलत नाहीत. नातेवाईक विचारतात, की किती पैसे मिळाले. मी त्याला वाढवले, त्याच्यासाठी सोळा सोमवार केले, गजानन महाराजांची पोथी वाचली, आणि बरे करण्याचे श्रेय दुसऱ्याच देवाला गेले, असे मनात येते आणि मग स्वतःचाच राग येतो. खाडीकाठ दादा, तुमच्या आईला काय वाटले, ते तुम्ही एका ओळीत लिहिले आहे. मला तेवढेच सविस्तर ऐकायचे आहे.

खाडीकाठ

ताई, आधी तुम्हांला लिहितो.

मी सांगितले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, की आता तू माझ्या हातचा प्रसाद खाशील का. मी हो म्हणालो. दुसरा प्रश्न तिने काही दिवसांनी विचारला आणि तो कठीण होता. माझ्या विठोबात काय कमी होते, असे तिने विचारले. मी तिला सांगितले, की तुझ्या विठोबात काही कमी आहे असे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी पंढरपूरला लहानपणी तुझ्याबरोबर गेलो, पण माझा मोठेपणीचा अंधार घेऊन मी तिथे कधीच गेलो नव्हतो, आणि तो घेऊन जिथे गेलो तिथे मला हा भेटला. हे उत्तर तिला पटले असे नाही. ती कित्येक महिने अबोल होती. मग मी पगार झाल्यावर दर महिन्याला, वडिलांच्या पैशांतले संपवले होते त्या हिशेबात, तिच्या खात्यात रक्कम भरू लागलो. बारा पायऱ्यांतली नववी पायरी ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करण्याची आहे. वडिलांची भरपाई आता करता येत नाही, आईची येते. तिचे मत त्यामुळे बदलले, माझ्या कोणत्याही युक्तिवादामुळे नाही.

तुमचे सोळा सोमवार वाया गेले असे मी कधीही म्हणणार नाही. संत ऑगस्टीन यांची आई मोनिका हिने भरकटलेल्या मुलासाठी अनेक वर्षे अश्रू ढाळले आणि तो ३८७ साली मिलानमध्ये स्नानसंस्कार घेताना तिने पाहिला. ती स्वतः ख्रिस्ती होती, तुम्ही नाही, हा फरक आहेच. पण मुलाला मरू न देणारी आईची प्रार्थना देव कोणत्या नावाने केली हे पाहून बाजूला ठेवतो, असे मला ख्रिस्ताच्या शिकवणीत कुठेही आढळलेले नाही. नातेवाइकांच्या प्रश्नाने तुम्ही खचू नका. मुलाच्या धर्मगुरूंना किंवा पाळकांना मात्र अवश्य भेटा. जे भेटायला नकार देतील किंवा घाई करतील, त्यांच्यापासून मुलाला सावध करण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे.

प्रश्नचिन्ह, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे. गटामुळे दारू सुटते, तिथे ख्रिस्तावर विश्वास ठेवावा लागत नाही, आणि म्हणूनच दारू सुटणे हा माझ्या विश्वासाचा पुरावा म्हणून मी मांडलेला नाही. मी पिणे थांबवले आणि मग दोन वेगळ्याच गोष्टी उरल्या: जे केले ते, आणि ज्याची क्षमा मागायची तो माणूस जिवंत नाही ही वस्तुस्थिती. गट मला समजून घेत होता, पण वडिलांच्या वतीने मला क्षमा करण्याचा अधिकार गटातल्या कुणालाही नव्हता. माझ्या शोधाचे कारण हे होते.

चंगाईच्या सभांबद्दल उत्तर असे, की हो, उभा राहीन, आणि उभा राहिलो आहे. इन्सुलिन सोडायला लावलेल्या एका तरुणीच्या घरी मी आणि समितीचे जुने सहकारी एकत्र गेलो होतो. शुभवर्तमानात येशू बरे झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन तपासून घ्यायला सांगतो. तपासणीची भीती वाटणारी चंगाई मी ख्रिस्ती मानत नाही.

तुकोबा आणि बुद्ध यांच्याविषयी वाद घालणार नाही. बुद्धाकडे मी गेलो होतो, प्रामाणिकपणे गेलो होतो, आणि दुःखाचे कारण तृष्णा आहे हे व्यसनी माणसाइतके कुणाला पटेल? पण मला दुःखातून सुटकेपेक्षा आधी एका व्यक्तीची क्षमा हवी होती. हा माझ्या गरजेचा आकार होता, सर्वांच्या गरजेचा तोच असेल असे नाही.

नगरकर

आम्ही मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले, आता कळव्याला असतो. पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. धागा उत्तम आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. शंका घेत, वाचन करत, निवड करत ख्रिस्ताकडे येणे ही एक वाट आहे आणि मराठी साहित्यात तिचीच चर्चा होते, कारण ती लिहिणाऱ्या माणसांची वाट आहे. गावकुसाबाहेरच्या आमच्या पणजोबांना पाणवठा, शाळा आणि माणूस म्हणून हाक मिळाली, म्हणून ते आले. त्यांचा विश्वास कमी अस्सल नव्हता. आणि त्याची किंमत आम्ही आजही देतो: १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीची सवलत मिळते, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. ज्यांना ख्रिस्ती होऊन काय मिळाले असे विचारायचे असते, त्यांनी हे एकदा पाहावे. ख्रिस्ती समाजातही जात शिल्लक आहे, सोयरिकीच्या वेळी ती दिसते, हेही लपवण्यात अर्थ नाही.

संशयी तारुण्याचा विषय निघालाच आहे तर पंडिता रमाबाईंविषयी लिहितो, कारण त्यांचे नाव सगळे घेतात आणि त्यांची वाट फार थोडे पाहतात. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. उरलेली ही मुलगी भावाबरोबर देशभर पायी फिरली आणि त्या भ्रमंतीत लहानपणापासूनच्या देवांवरचा तिचा विश्वास उडाला. कलकत्त्याला पंडितांनी गौरवले, ब्राह्मो समाजाशी संबंध आला, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेला. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी सांगितलेले प्रत्येक मत मान्य करायला त्यांनी ठाम नकार दिला आणि त्यावर दीर्घ पत्रव्यवहार केला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले, की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे लागली. प्रश्नचिन्ह यांना वाटते, की हळव्या क्षणी माणूस विश्वास स्वीकारतो आणि मग विचार थांबवतो. रमाबाईंनी नंतर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. विचार थांबवलेल्या बाईचे ते काम नव्हे.

नारायण वामन टिळकांची गोष्टही अशीच. १८९३ साली आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला, त्यातले येशूचे डोंगरावरचे प्रवचन वाचून ते गुंतले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर जे सोसावे लागले ते त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’त लिहिले आहे. ऐरोलीच्या ताईंनी ते वाचावे. धर्मांतर केलेल्या माणसाच्या घरातली बाजू इतक्या स्वच्छ मनाने दुसऱ्या कुणी मांडलेली मला माहीत नाही.

प्रश्नचिन्ह

नगरकर, तुमचा प्रतिसाद मला विचार करायला लावणारा आहे. रमाबाईंच्या आठ वर्षांबद्दल मला माहिती नव्हती.

खाडीकाठ, तरीही एका प्रश्नाला तुम्ही बगल दिली आहे. क्षमा, करुणा, बापाचे दुःख, हे सगळे मी समजू शकतो आणि ते एका प्राचीन कथेतून मिळाले तरी माझी हरकत नाही. पण ख्रिस्ती माणूस तेवढ्यावर थांबत नाही. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, असे तुम्ही दर रविवारी उभे राहून म्हणता. तुम्ही ते शब्दशः मानता का? की ते तुमच्यासाठी एक रूपक आहे? इथे मोघम उत्तर चालणार नाही.

खाडीकाठ

मोघम उत्तर देणार नाही. शब्दशः मानतो.

ते कसे शक्य झाले हे मला सांगता येत नाही आणि प्रयोगशाळेत दाखवता येत नाही. पण पुराव्याच्या बाजूने मी जे पाहिले ते असे. येशूला रोमन अधिकारी पिलात याच्या काळात मृत्युदंड झाला हे ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहितो, त्यावर गंभीर इतिहासकारांत वाद नाही. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले ते घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांत, आणि त्यात तो आपल्याला आधीच मिळालेली साक्षीदारांची यादी देतो, त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत असेही सांगतो. चारही शुभवर्तमानांत थडगे रिकामे असल्याचे प्रथम स्त्रिया पाहतात. त्या काळच्या समाजात स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, तेव्हा कथा रचणाऱ्याने ही निवड केली नसती. अटकेच्या रात्री पळालेली माणसे थोड्याच काळात त्याच शहरात उघडपणे बोलू लागली, आणि याकोब नावाचा येशूचा भाऊ, जो आधी विश्वास ठेवत नव्हता, यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला. या सगळ्याला भास, कट, दंतकथा अशी पर्यायी स्पष्टीकरणे आहेत आणि मी ती प्रत्येक वाचली. प्रत्येकाने एखादी गोष्ट उलगडते आणि दुसरी सुटून जाते.

एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही. इतिहास मला दारापर्यंत आणतो, आत जाणे हा माझा निर्णय होता आणि तो मी डोळे उघडे ठेवून घेतला. उद्या हे घडलेच नव्हते असे खरोखर दिसून आले, तर माझा विश्वास व्यर्थ आहे हे मी मान्य करीन. पौलही त्याच पत्रात तेच म्हणतो. रूपक मला पुरले नसते, कारण माझे वडील रूपकात मेलेले नाहीत. मृत्यूच्या पलीकडे काही नसेल तर त्यांची आणि माझी भेट नाही आणि जी क्षमा मी मागतो ती हवेत विरून जाते. येशू उठला असेल तर ती भेट शक्य आहे. या इच्छेमुळे मी पुरावा वाकवून वाचतो आहे का, हा प्रश्न तुम्ही पुढे विचाराल. तो मी स्वतःला आधीच विचारला आहे, आणि म्हणूनच निर्णयाला इतका वेळ घेतला.

ऐरोलीची आई

दादा, तुमचे आणि नगरकर यांचे प्रतिसाद मी मुलाच्या वडिलांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण दूरचित्रवाणी बंद करून ऐकत होते. मुलाला विचारले, तर तो म्हणाला, की त्याचे धर्मगुरू आम्हां दोघांना भेटायला तयार आहेत आणि पुढच्या ईस्टरपर्यंत तरी काही होणार नाही. मी प्रश्न लिहून काढते आहे. पहिला प्रश्न तुम्हांलाच विचारते, कारण तो धर्मगुरूंना विचारायला संकोच वाटतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तो आमच्याबरोबर बसेल का?

खाडीकाठ

धर्मगुरूंनाही हाच प्रश्न निःसंकोच विचारा, त्यांना तो नवा नसेल. मी काय करतो ते सांगतो. आईच्या घरी लक्ष्मीपूजनाला मी जातो, सकाळी रांगोळीसाठी अंगण धुऊन देतो, पणत्यांची वात वळतो, पूजा चालू असताना तिच्या शेजारी उभा राहतो. आरती मी म्हणत नाही आणि हात जोडून पूजा करीत नाही, हे तिला आधीच सांगितलेले आहे, त्यामुळे ऐन वेळी तिला वाईट वाटण्याचा प्रसंग येत नाही. नंतर सगळ्यांबरोबर फराळाला बसतो. नाताळला ती माझ्याकडे येते आणि करंज्या स्वतः करून आणते. तुमच्या मुलाची रेषा कदाचित थोडी इकडे किंवा तिकडे असेल. ती त्याने दिवाळीच्या आधी तुमच्यासमोर बसून ठरवावी, आणि वडील त्या वेळी खोलीत असावेत, असे मला वाटते.